बैलगाडा शर्यतीतून घराला पैसा मिळतो का, आणि मिळत नसेल तर एकेक घर पिढ्यानपिढ्या हा नाद का सोडत नाही?

पैसा मिळत नाही. प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर एवढेच आहे आणि ते देण्याचा अधिकार मला आहे, कारण पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या ज्या घरात मी वाढले तिथे पणजोबांपासून चुलतभावापर्यंत चार पिढ्यांनी गाडा पळवला आणि त्यांचा जमाखर्च माझ्या आजीला तोंडपाठ होता. पणजोबांच्या काळी जिंकणाऱ्याला फेटा आणि नारळ मिळे, आजोबांनी एक पितळी घागर आणली, तात्यांच्या म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या काळात रोख रक्कम आली आणि आता मोठ्या घाटांत, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्ट्यांवर, ट्रॅक्टर, चारचाकी, जेसीबीसुद्धा बक्षिसाला लागतो. ही बक्षिसे पाहूनच तुम्ही प्रश्न विचारला असावा. मात्र आमच्याकडे गाड्याला पुढे-मागे दोन जोड्या असे चार बैल असतात, त्यांच्यापुढे घोडीवर स्वार पळतो, प्रत्येक गाडा एकटा, घड्याळाशी पळतो आणि ठरलेल्या सेकंदांत जितके गाडे बसतात त्या सगळ्यांत पहिल्या क्रमांकाची रक्कम वाटली जाते. पहिला नंबर आला म्हणून गुलालाने माखून घरी आलेल्या माणसाच्या खिशात बैल नेण्या-आणण्याच्या टेम्पोचे भाडेसुद्धा नसते, हे मी कितीदा तरी पाहिले आहे.

खर्चाचे मात्र विचारू नका. शाळूचा कडबा घरचा होता, पण उडदाची भरड, गव्हाच्या पिठाचे गोळे, खोबरे, अंडी आणि यात्रेच्या आधी महिनाभर रोजचे दूध हे सगळे घरातूनच जायचे. चैत्र लागला की आम्हा पोरांच्या वाट्याला कोरा चहा येई. हा खुराक शिजवणे, भरवणे, पहाटे शेण काढणे आणि बैलाच्या अंगावर हात फिरवून त्याला काय दुखते आहे ते ओळखणे ही कामे आजी, आई आणि काकू करत. शर्यतीत नाव नोंदवण्याच्या टोकनावर मात्र 'कैलासवासी' म्हणून पणजोबांचे नाव असे आणि निवेदक भोंग्यावरून तेच पुकारी. गाडामालक कोण असे विचारले तर गावातले कोणीही तात्यांकडे बोट दाखवी. आजीकडे बोट दाखवणारा मला अद्याप भेटलेला नाही.

आता नाद का सुटत नाही याविषयी. परंपरा, प्रतिष्ठा, खिलार गोवंशाचे जतन ही कारणे तुम्हाला इतर उत्तरांत मिळतील आणि ती खोटी नाहीत. पण माझे मत असे आहे की प्रत्येक गाडामालकाच्या घरात एखाद्या बिघडलेल्या बारीवरचा, म्हणजे गाड्याच्या एका धावेवरचा वाद शिल्लक असतो आणि तो मिटवण्यासाठी पुढच्या यात्रेला पुन्हा गाडा जुंपावा लागतो. आमच्या घरातली ती बारी २०११ च्या चैत्रातली आहे.

त्या वर्षी आमच्याच गाईचा हरण्या नुकताच दोन दाती झाला होता, म्हणजे त्याला पक्क्या दातांची पहिली जोडी आली होती. रानात तो असा पळे की तात्यांना यात्रेपर्यंत धीर धरवेना. उरलेले तीन बैल जुने होते, त्यांतला एक शेजारच्या गावातल्या गाडामालकाचा, म्हणजे जुगलबंदीचा. हरण्याला पुढच्या जोडीत घालायचे असे तात्यांनी ठरवले तेव्हा आजी चुलीपुढून उठून गोठ्यात आली आणि म्हणाली, "दोन दातांवर त्याला म्होरं जुपू नका. वरीसभर मागं पळू द्या. म्होरं बैल दिसला म्हंजी त्याला गर्दी दिसायची न्हाई." पुढच्या जोडीसमोर घोडीशिवाय काही नसते आणि दोन्ही अंगांना ओरडणारी माणसे असतात, नवख्या जनावराला त्यांतून सरळ जायचे असेल तर पुढे एखादा जाणता बैल हवा, इतके साधे तिचे म्हणणे होते. तात्यांनी ते हसण्यावारी नेले. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि घाटाच्या वरच्या अंगाला दरडीवर उभी होते.

गाडा सुटला तो सुंदर सुटला. अर्ध्या घाटापर्यंत चारही बैल एका रेषेत होते आणि बारा सेकंदांत बारी बसणार अशी खात्री वाटत होती. तेवढ्यात डाव्या बाजूने कोणीतरी भंडाऱ्याची मूठ उधळली, हरण्याचे कान मागे गेले, त्याने मान उजवीकडे टाकली आणि त्याच्या ओढीने सगळा गाडा तिरका होऊन कडेला घासत गेला. निशाणापाशी तो चौदा सेकंदांनंतर पोहोचला. तात्यांनी त्याच संध्याकाळी निकाल दिला की घोडीवरच्या पोराने घोडी वळवली म्हणून बैल फाकला. माझ्या डोळ्यांसमोर घडले ते असे की आधी बैल बुजला आणि मागचा गलका ऐकून पोराने वळून पाहिले तेव्हा घोडी हलली. त्या पोराला पुढे आमच्या गाड्यासमोर कोणी घोडी धरू दिली नाही, याचे मला आजही वाईट वाटते. मी त्या वेळी बोलले होते, पण सोळा वर्षांच्या मुलीच्या साक्षीला गोठ्यात किंमत नव्हती.

पुढच्या चैत्रात हरण्याला मागे जुंपून खरेखोटे करता आले असते. मात्र २०११ च्याच जुलैमध्ये केंद्राच्या अधिसूचनेने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला आणि आमच्या गावाने पुन्हा घाट भरवण्याचे धाडस केले नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लीकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर आमच्या शर्यतींवरही बंदी घातली. जानेवारी २०१६ मधील केंद्राच्या सवलतीला काही दिवसांतच स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, तर उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. या काळात शेजारच्या दावणी रिकाम्या होत गेल्या, आमचीही तीन जनावरे गेली. हरण्याला मात्र आजीने विकू दिले नाही. औत ओढून तो म्हातारा झाला आणि २०२० मध्ये गोठ्यातच मेला. त्यानंतर चार महिन्यांनी आजी गेली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला, तेव्हा वादातले दोघेही साक्षीदार उरले नव्हते.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बंदी मागणारे लोक खोटे बोलत नव्हते. टोचणी, काठी आणि बॅटरीचा झटका मी आमच्याच घाटात, तात्यांच्या बैठकीतल्या माणसांच्या हातात पाहिला आहे. आज कायद्याने हे सगळे निषिद्ध आहे आणि अटी मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे योग्यच आहे. शिवाय माझे सगळे म्हणणे पुणे जिल्ह्यातल्या चार बैल आणि पुढे घोडी असलेल्या गाड्यापुरते आहे. सातारा-सांगलीकडे छकड्यावर हाकणारा बसतो आणि अनेक छकडे एकत्र सुटतात, विदर्भातल्या शंकरपटाची रीत वेगळी. तिथला हिशेब तिथल्या लोकांना विचारा.

तुम्ही गाडा करण्याचा विचार करत असाल तर कर्ज काढून बैल घेऊ नका, कमाईसाठी तर मुळीच घेऊ नका, आणि घेतलाच तर त्याला रोज चारा घालणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय त्याची जागा ठरवू नका. चाकणच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या माझ्या चुलतभावाने २०२२ मध्ये रजा टाकून पुन्हा गाडा जुळवला. नवा खोंड दोन दाती होता, हरण्याहूनही चपळ. जुंपणीच्या वेळी तात्या काठी टेकत पुढे आले, त्यांनी खोंडाला स्वतः धरले आणि मागच्या जोडीत नेऊन उभे केले. मी कारण विचारले. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "घाट नवा हाय त्याला." तात्यांनी हरण्याला पुढे जुंपले होते तेव्हा त्यालाही हाच घाट नवा होता.