जमैकाच्या पातेल्यात आपली तूर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जमैकाच्या खाद्यपदार्थांवर लेख दिला होता. त्यावर खानदेशातून बरीच पत्रं आली. बहुतेकांना पदार्थ घरी करून बघायचे आहेत, एकांना मुळातच शंका आहे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : ‘राइस अँड पीज’मध्ये मटार घातले. भात गोडूस आणि पाणचट झाला. काय चुकलं? (शिरपूर)

मटारच चुकले. जमैकात ‘पीज’ म्हणजे मटार नव्हेत. रविवारच्या जेवणात हा भात राजम्याचा असतो आणि नाताळात ‘गुंगो पीज’चा. गुंगो म्हणजे आपली तूर! तूर मूळची भारतातली. इथून ती आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापाराच्या काळात तिथून कॅरिबियन बेटांवर पोचली. तिकडे नाताळात तिचे ओले दाणे मिळतात, आणि आपल्याकडेही त्याच थंडीत तुरीच्या शेंगा बाजारात येतात. तेव्हा हा भात करायला शिरपूरसारखी जागा नाही.

दोन वाट्या जुन्या तांदळाला दीड वाटी ओले दाणे घ्या. वाळलेली अख्खी तूर असेल तर पाऊण वाटी, रात्रभर भिजवून. दाणे उघड्या पातेल्यात शिजवा. बोटांत दाबला तर दाणा दबला पाहिजे, पण साल सुटता कामा नये. कुकरमध्ये साल फुटते, पीठ पाण्यात उतरतं आणि भाताची खिचडी होते. तुरीचं पाणी ओतून देऊ नका, भाताला रंग त्याच पाण्याचा येतो. ते पाणी आणि एका नारळाचं दूध मिळून साडेतीन वाट्या भरलं पाहिजे. तांदूळ नवा असेल तर तीनच.

त्यात कांद्याच्या दोन पाती आणि लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून घाला. ऑलस्पाइसचे (मिऱ्यासारखा गोल दाण्याचा मसाला) सहा दाणे, थाइम या सुवासिक पाल्याच्या दोन काड्या, दीड चमचा मीठ आणि देठासकट एक अख्खी मिरची घालून दहा मिनिटं उकळा. आता चव बघा. पाणी किंचित खारट लागायला हवं, कारण तांदूळ मीठ ओढतो. मग धुतलेले तांदूळ घालून एक उकळी आणा, आच अगदी मंद करा, घट्ट झाकण ठेवा आणि वीस मिनिटं हात लावू नका. मधे ढवळलं की मिरची फुटते आणि सगळा भात जहाल होतो. तिथे स्कॉच बॉनेट मिरची अख्खी टाकतात ती वासासाठी, आणि वाढण्याआधी काढून घेतात. पातळ सालीची लवंगी इथे चालणार नाही, जाड सालीची मिरची घ्या. थाइम मिळाला नाही तर चिमूटभर ओवा घाला. दोघांत थायमॉल हे एकच द्रव्य आहे. मात्र ओवा उग्र असतो, चिमटीच्या वर गेला की भाताला भज्यांचा वास येतो.

प्रश्न : जमैकात न्याहरीला कच्ची केळी उकडून खातात म्हणे. आमच्याकडे केळीच केळी आहेत, पण उकडली की काळी पडतात. (रावेर)

आधी सोलून उकडत असाल तर काळी पडणारच. सोललेल्या गराला हवा लागली की तो काळवंडतो. लोखंडी सुरी किंवा कढई असेल तर आणखी लवकर. जमैकातली रीत सालासकट उकडण्याची आहे. दोन्ही टोकं कापा, सालाला लांबीत एकच उभी चीर द्या, गरापर्यंत जेमतेम पोचेल एवढीच. उकळत्या पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून केळी पंधरा ते वीस मिनिटं उकडा. साल चिरेपाशी आपोआप उलगडतं. तेलामुळे चीक हाताला आणि भांड्याला धरत नाही.

केळी झाडावर भरलेली पण पूर्ण हिरवी हवीत. पिकवणीच्या खोलीत जाऊन आलेला माल नको. बाहेरून हिरवा दिसला तरी आतून गोड व्हायला लागलेला असतो, आणि उकडल्यावर गिळगिळीत होतो.

उकडलेली केळी, यॅम (एक पिठूळ कंद) आणि कणकेचे घट्ट गोळे यांना जमैकन माणूस ‘हार्ड फूड’ म्हणतो. यामागे इतिहास आहे. उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांना डोंगरउतारावरचे तुकडे स्वतःचं अन्न पिकवायला दिलेले असत. तिथे त्यांनी यॅम, केळी, कसावा (साबुदाण्याचा कंद) लावला, आणि उरलेलं रविवारच्या बाजारात विकलं. मालकाच्या हुकमाबाहेरचं थोडंफार जे होतं, ते या तुकड्यांवर होतं. म्हणून ही साधी उकडलेली केळी तिथे मानानं खाल्ली जातात.

प्रश्न : जर्क चिकनला (मसाल्यात मुरवून धुरावर भाजलेल्या कोंबडीला) कबाबचिनी आणि आपली लाल सुकी मिरची वापरली. रंग सुरेख आला, चव तंदुरीची. (नंदुरबार)

दोन्ही बदला. दुकानात कबाबचिनी मागितली की कधी ऑलस्पाइस मिळतो, कधी खरी कबाबचिनी. खऱ्या कबाबचिनीच्या दाण्याला बारीक शेपटी असते, ऑलस्पाइसला नसते. त्याचा दाणा गोल, तपकिरी, आणि चुरडला की लवंग, दालचिनी, जायफळ यांचा एकत्र वास येतो. नंदुरबारच्या सुक्या मिरचीबद्दल आम्हाला आदरच आहे, पण जर्कचं वाटण ओलं आणि हिरवट असतं. एक किलो कोंबडीला तीन चमचे ऑलस्पाइस ताजा कुटून, सहा कांद्याच्या पाती, पाच हिरव्या मिरच्या, लसूण, आलं, थाइम, मिरे, थोडं जायफळ, चमचाभर गूळ, दोन लिंबांचा रस आणि दोन चमचे मीठ असं वाटा आणि रात्रभर मुरवा. गूळ भडक आचेवर करपतो आणि मांस आत कच्चं राहतं, म्हणून निखारे विझत आल्यासारखे हवेत, वर झाकण हवं, आणि तासभर धीर हवा.

तिथे हे ऑलस्पाइसच्याच लाकडावर भाजतात. मळ्यांतून पळून डोंगरात राहिलेल्या मरून लोकांनी रानडुकराचं मांस असं भाजून टिकवलं. भरताचं वांगं गॅसवर भाजलं आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलं, यातला फरक खानदेशात कुणाला सांगायला नको. जर्कच्या धुराचंही तेच आहे. लाकूड मिळणार नाही. मूठभर ऑलस्पाइस अर्धा तास भिजवून निखाऱ्यांवर टाका, बराचसा वास येतो.

प्रश्न : ‘करी गोट’ ही जमैकाची ओळख असं तुम्ही लिहिलंत. पण ते तर आपलंच मटण. मग ती त्यांची ओळख कशी? (भुसावळ)

करी इथून गेली हे खरं. 1838 मध्ये गुलामी पूर्ण संपली, मळेवाल्यांना मजूर हवे होते, आणि 10 मे 1845 रोजी भारतीय मजुरांचं पहिलं जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं. पुढे सुमारे 36 हजार लोक गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. पण तिथल्या हंडीत ऑलस्पाइस आला, थाइम आला, स्कॉच बॉनेट आली. आज लग्न असो की मयतानंतरची नववी रात्र, पाहुण्यांना करी गोट लागतेच, यजमान कुठल्याही वंशाचा असो. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातून आले, तरी शेंगदाण्याचा ठेचा परका आहे असं भुसावळात कुणी म्हणेल का? पदार्थ कुठून निघाला एवढ्यानं तो कुणाचा हे ठरत नाही. पिढ्यान् पिढ्या सुखदुःखात तो कोण रांधतं, ते बघावं लागतं.

करताना काळा मसाला घालू नका, खोबरं-कांद्याचं वाटणही नको. हळद जास्त असलेली करी पावडर गरम तेलात तीस सेकंद परता. तिथे याला ‘करी जाळणं’ म्हणतात, पण खरंच जाळली तर कडू होते. मग मुरवलेलं हाडासकटचं बोकडाचं मटण घाला. बटाटा शेवटच्या पंधरा मिनिटांत.

प्रश्न : अंबाडीचं सरबत जमैकात करतात का? (अमळनेर)

हो, नाताळात, ‘सॉरेल’ नावानं. लाल, मांसल पाकळ्यांची बोंडं हवीत. वाखासाठी लावतात त्या अंबाडीची पातळ बोंडं उपयोगाची नाहीत. आतली बी काढून पाव किलो पाकळ्या, ठेचलेलं 50 ग्रॅम आलं आणि सहा लवंगा दीड लिटर उकळत्या पाण्यात टाका, गॅस बंद करा, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी गाळून मग साखर घाला, पाव किलोपासून सुरुवात करून चवीप्रमाणे. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. अ‍ॅल्युमिनियमला ही आंबटाई खाते आणि सरबताला धातूची चव येते.