इस्रायलमध्ये हरेदी, म्हणजे कट्टर धर्मनिष्ठ ज्यू इतके थोडे, तरी राजकारणात आणि बातम्यांत सतत तेच का?

थोडे म्हणजे साधारण तेरा-चौदा टक्के. आणि गंमत म्हणजे त्यांच्या जागा काही फार नाहीत. २०२२ च्या निवडणुकीत त्यांच्या दोन पक्षांपैकी शासला ११ आणि युनायटेड तोरा ज्युडाइझमला ७, म्हणजे संसदेच्या १२० पैकी १८. पण नेतन्याहूंची आघाडी होती ६४ ची आणि बहुमताला लागतात ६१. हे १८ उठून गेले की सरकार आडवं! आपल्याकडे त्रिशंकू विधानसभेत अपक्षांचा भाव कसा वधारतो, तसंच. फरक इतकाच की यांची मतं फारशी फुटत नाहीत. रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी सांगितलं की बहुतेकांचा शिक्का तिकडेच.

मागण्याही मोजक्याच असतात: धर्मशिक्षण देणाऱ्या शाळांना अनुदान आणि तिथल्या विद्यार्थ्यांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट. ही सूट पहिले पंतप्रधान बेन गुरियन यांनी १९४८ मध्ये दिली तेव्हा जेमतेम ४०० विद्यार्थी होते. आता हजारोंचा प्रश्न आहे. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही भरती करा असं सांगितलं, आणि तेही ऐन गाझा युद्धात. ज्यांची मुलं राखीव दलात महिनोन् महिने अडकली होती, त्यांचा संताप सहज समजतो.

माध्यमांचं म्हणाल तर काळे कोट, काळ्या टोप्या, ब्नेई ब्राक या हरेदींच्या शहराजवळ भरतीविरोधात महामार्गावर ठाण मांडलेली पोरं आणि समोरून पोलिसांचे पाण्याचे फवारे. कॅमेऱ्याला आणखी काय हवं? त्याच दिवशी मुकाट्याने नोकरीवर गेलेला हरेदी कुणाला दिसणार!