वर्षश्राद्ध ‘दर वर्षी’ या बटणावर ठेवू नका

प्रश्न : ठाण्यात चरईत राहतो, पौरोहित्य करतो. आजवर यजमानांच्या नोंदी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने करत आलो. मुलाने फोनवर कॅलेंडर लावून दिलं, घरच्या संगणकावर एक्सेलमध्ये जुन्या नोंदी भरल्या आणि त्यात घातल्या. आता एकच सत्यनारायण दोनदा दिसतो, आणि ५ जूनची वास्तुशांत ६ मेला! दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं का?

उत्तर : गुरुजी, सॉफ्टवेअर बदलून काही होणार नाही. चिरंजीवांनी फाइल बहुधा सीएसव्ही प्रकारची, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या ओळींची केली आणि दोनदा आत घेतली. त्या फाइलमध्ये नोंदीला स्वतःची ओळख नसते, त्यामुळे दुसऱ्या वेळीही प्रत्येक ओळ नवीच धरली जाते. आयसीएस या खास कॅलेंडरसाठीच्या फाइलमध्ये प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक असतो, म्हणून तीच नोंद पुन्हा आली तर ओळखता येते. आणि वास्तुशांत? ५/६ लिहिलं की अमेरिकी पद्धतीने महिना आधी वाचला जातो. कालनिर्णयच्या पानावर असतो तसा महिना अक्षरात लिहिला असता तर हे टळलं असतं.

दुहेरी नोंदींचा माझा अनुभव जुना आहे. २००० साली मेहुण्याने अमेरिकेहून पाम थ्री-एक्स, म्हणजे तळहाताएवढी इलेक्ट्रॉनिक डायरी, आणून दिला. दोन बारीक सेल, पडद्याखाली काडीने लिहायची जागा. ए काढायचा तो आडव्या दांडीशिवाय. तुर्भ्याला जाताना कंपनीच्या बसमध्ये मी त्यात भेटी लिहायचो आणि ऑफिसात संगणकाला जोडलेल्या त्याच्या पाळण्यात, म्हणजे बैठकीत, ठेवून बटण दाबलं की संगणकाशी जुळवाजुळव व्हायची. एकदा एकच भेट बसमध्ये अकराची केली, संगणकावर मात्र आधीच साडेअकराची केलेली. यंत्राने दोन्ही ठेवल्या, मी अकराला गेलो आणि अर्धा तास शिपायाच्या स्टुलावर बसलो. दुसऱ्यांदा सेल बदलायला मिनिटापेक्षा जास्त वेळ लावला आणि सगळंच पुसलं गेलं. संगणकावर प्रत होती म्हणून नोकरी टिकली.

म्हणून आधी तुमच्या कॅलेंडरची परीक्षा घ्या. एक खोटी पूजा फोनवर नोंदवा. संगणकावर तिची वेळ बदला. मग फोनचं नेट बंद ठेवून फोनवरून ती खोडा, नेट चालू करा आणि संगणकावरूनही गेली का पाहा. त्यात पास झालं तर सगळ्या नोंदी आयसीएसमध्ये बाहेर काढून बघा. गुगल कॅलेंडरमध्ये हे काम फोनच्या अ‍ॅपमधून होत नाही, संगणकावर सेटिंगमध्ये जावं लागतं. आत घालण्याआधी बाहेर पडण्याची वाट माहीत असावी.

आता तिथीचं. तुम्हाला मी काय सांगणार, पण मुलाला सांगा : ‘दर वर्षी’ हे बटण तारीख पकडतं, तिथी नाही. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे थेट १९ सप्टेंबरला गेली. वर्षश्राद्ध त्या बटणावर ठेवलंत तर यजमानांना काय तोंड दाखवाल? नवं पंचांग हाती आलं की एक दुपार काढा आणि वर्षाच्या तारखा हाताने भरा. नोंदीच्या टिपेत ‘भाद्रपद वद्य पंचमी’ असं पूर्ण लिहा, गोत्रही लिहा. पुढच्या वर्षी ‘भाद्रपद’ शोधलंत की सगळी घरं एकाखाली एक येतील.

आणखी एक. ऐरोलीत नऊ ते अकरा पूजा आणि कोलशेतला साडेअकराला दुसरी, यावर कॅलेंडर चकार शब्द काढत नाही. मधल्या रस्त्याची वेगळी नोंद करा, दीड तासाची. कापूरबावडीचा सिग्नल सॉफ्टवेअरला कुठे माहीत!

प्रश्न : मी नेरुळला असते, मुलगी दुबईत. आमच्या सामायिक कॅलेंडरमध्ये मी टाकलेले वाढदिवस तिला आदल्या रात्री साडेदहाला दिसतात.

उत्तर : ताई, तुम्ही वेळ रात्री बाराची ठेवली आहे. दुबई आपल्या दीड तास मागे. नोंद उघडून ‘पूर्ण दिवस’वर खूण करा.