मोलीनला येताय? मग कंपनीपलीकडची काउंटीही बघून घ्या

तुमचे प्रश्न वाचले. मिस्टरांची जॉन डिअर या शेतीयंत्रांच्या कंपनीच्या मगरपट्ट्यातल्या ऑफिसातून अमेरिकेत मोलीनला बदली होतेय, मुलगी चौथीत आहे, तुम्हाला चांगली चाललेली नोकरी सोडावी लागणार. घर कुठे घ्यावं, शाळा कशा आहेत, आणि "मक्याच्या शेतांच्या मधोमध दिवसभर करायचं काय?" मी या शेवटच्या प्रश्नाला जास्त वेळ देणार आहे. मिस्टरांचं फारसं अडत नाही हो. सकाळी उठून ते कंपनीत जातील, तिथे निम्मी मंडळी पुण्याचीच भेटतील. काउंटीत खरं राहायचंय ते तुम्हाला आणि मुलीला.

आधी नकाशा. मोलीन, ईस्ट मोलीन आणि रॉक आयलंड ही गावं इलिनॉय राज्याच्या रॉक आयलंड काउंटीत येतात. काउंटी म्हणजे जिल्हा समजा, पण माणसं दीड लाखाच्याही आत. समोरच्या काठावर आयोवा राज्य, तिथे डेव्हनपोर्ट आणि बेटनडॉर्फ. सगळ्यांना मिळून क्वाड सिटीज म्हणतात. नावात चार, मोजली तर पाच. मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेला वाहते असं आपण भूगोलात पाठ केलेलं, पण इथे ती वळण घेऊन पूर्वेकडून पश्चिमेला जाते. त्यामुळे आयोवा पश्चिमेला नाही, चक्क उत्तरेला. सुरुवातीला गाडी चालवताना याचा फार घोळ होतो.

ऑफिसातले सगळे तुम्हाला "बेटनडॉर्फलाच घर बघा" असं सांगतील. कारणं खोटी नाहीत. तिथल्या आणि शेजारच्या प्लेझंट व्हॅलीच्या शाळांचं नाव आहे, आपली घरं बरीचशी तिकडे आहेत, आणि इलिनॉयचा घरपट्टीसारखा प्रॉपर्टी टॅक्स खरोखर जड आहे. पण मी तरी सांगेन, पहिलं वर्ष मोलीनमध्ये भाड्याने राहा. दोन्ही राज्यांत करार आहे: पगारावरचा राज्याचा आयकर नोकरी कुठल्या काठावर आहे यावर नाही, तुम्ही राहता कुठे यावर ठरतो. इलिनॉयचा सरसकट ४.९५ टक्के, आयोवाचा २०२५ पासून ३.८ टक्के. म्हणजे पैशाच्या हिशेबात आयोवा सरस. तरीही मोलीनमध्ये ऑफिस जवळ, नदीकाठचा सायकलरस्ता जवळ, लायब्ररी जवळ. घरात दुसरी गाडी येईपर्यंत हे "जवळ" तुमच्या फार कामाचं आहे. इथली बससेवा ठीक आहे, पण पुण्यातल्यासारखी हात दाखवला की रिक्षा, ते विसरा.

आणि घर विकत घ्यायची घाई करू नका. कारण सांगते.

ज्याच्या नावावरून कंपनीचं नाव पडलं तो जॉन डिअर हा व्हरमॉन्ट राज्यातला लोहार. १८३७ मध्ये त्याने इलिनॉयच्या ग्रँड डिटूर गावात पोलादी नांगर केला. इथली काळी चिकट माती ओतीव लोखंडाच्या फाळाला चिकटून बसायची, गुळगुळीत पोलादावरून ती सुटून पडे. १८४८ मध्ये तो धंदा घेऊन मोलीनला आला, कारण इथे नदीचा प्रवाह यंत्रं फिरवायला मिळत होता आणि माल पाठवायला बोटी होत्या. आजही ईस्ट मोलीनच्या कारखान्यात कापणीची अवाढव्य कम्बाइन यंत्रं बनतात, मोलीनमध्ये पेरणीची. सगळ्या गावाचं पोट या ना त्या वाटेने त्यावर चालतं. मक्याचा आणि सोयाबीनचा भाव पडला की शेतकरी नवं यंत्र पुढच्या वर्षावर ढकलतो आणि इथे कामगार कमी होतात. २०२१ मध्ये कंपनीच्या दहा हजारांवर कामगारांनी महिनाभर संप केला होता, तेव्हा भाव चढे होते आणि कामगारांचं पारडं जड होतं. २०२४ मध्ये उलट झालं, इथल्या कारखान्यांतून शेकडो लोक घरी गेले. १९८० च्या दशकातल्या शेतीच्या मंदीत तर रॉक आयलंडचा फार्मॉल ट्रॅक्टरचा कारखाना कायमचा बंद पडला. जुने लोक अजून त्याचा विषय काढतात. इंजिनिअरांना झळ उशिरा लागते, पण लागते. व्हिसावरचा माणूस नोकरी गेल्यावर घर विकत बसू शकत नाही.

आता तुमच्या कामाचं. मिस्टरांचा व्हिसा एल-वन (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा) आहे की एच-वन (नोकरीचा), हे तुमच्या पत्रात नाही, पण तुमचं पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एल-वन असेल तर २०२१ च्या नोव्हेंबरपासून जोडीदाराला वेगळं वर्क परमिट लागत नाही. विमानतळावरून आल्यावर आय-९४ मध्ये, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीत, "एल-टू-एस" अशी नोंद झालीय ना, एवढं तपासा. एच-वन असेल तर ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० हा कंपनीने करायचा अर्ज मंजूर होईपर्यंत तुम्हाला साधारणपणे कमावता येणार नाही. एचआरला हे आत्ता, होकार देण्याआधी विचारा. नंतर विचारून काही बदलत नाही.

शिकायला मात्र दोन्हींत मुभा आहे. मोलीनमधलं ब्लॅक हॉक कॉलेज हे दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज, फी आवाक्यातली, नर्सिंगपासून अकाउंट्सपर्यंत सगळं. रॉक आयलंडच्या टेकडीवर ऑगस्टाना कॉलेज आहे. स्वीडनहून आलेल्या लोकांनी ते १८६० मध्ये शिकागोत काढलं आणि १८७५ मध्ये इथे आणलं. खाजगी आहे, महाग आहे. पण तिथलं फ्रिक्सेल भूविज्ञान संग्रहालय मुलीला घेऊन बघाच. अंटार्क्टिकात सापडलेल्या क्रायोलोफोसॉरस डायनासोरचा शोध १९९१ मध्ये याच कॉलेजच्या प्राध्यापकांनी लावला. पुढे मास्टर्स करायचं डोक्यात असेल तर आयोवा विद्यापीठ तासाभरावर आहे. फक्त आयोवाचे रहिवासी नसाल तर तिथली फी बरीच जास्त. इथे बेटनडॉर्फवाल्यांचा मुद्दा बळकट होतो, मान्य करते.

मुलीच्या शाळेचं सोपं आहे: राहता त्या पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते, प्रवेशासाठी रांगा नाहीत, डोनेशन नाही. वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारखांसह लिहून घ्या. नाहीतर इथे त्याच सुया परत टोचतात. इलिनॉयमध्ये बाहेरून आलेल्या मुलांची डॉक्टरी तपासणीही मागतात. मोलीनच्या वर्गात तिला मेक्सिकन घरांतली मुलं भरपूर भेटतील. फ्लोरेसिएन्ते नावाचा त्यांचा जुना मोहल्ला इथेच आहे. ताजी कोथिंबीर, मिरच्या, चिंच, लिंबं मी त्यांच्याच दुकानांतून आणते. बाकी मोठ्या वाणसामानासाठी शिकागोची पावणेतीन-तीन तासांची फेरी ठरलेली. शिकागोची रेल्वे येणार, येणार असं वर्षानुवर्षं चाललंय. मोलीनला स्टेशनची इमारतसुद्धा तयार आहे, गाडी तेवढी यायची आहे.

"बघण्यासारखं काही आहे का" म्हणालात. मला विचाराल तर ब्लॅक हॉक स्टेट हिस्टॉरिक साइटपासून सुरुवात करा, कंपनीच्या पॅव्हिलियनपासून, म्हणजे यंत्रांच्या प्रदर्शनापासून, नको. रॉक नदी मिसिसिपीला मिळते तिथे सौक या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं सौकेनुक हे मोठं गाव होतं, हजारो माणसांचं, मक्याच्या शेतांचं. म्हणजे मका इथे डिअरच्या आधीपासून आहे. १८०४ च्या एका करारात काही थोड्या लोकांच्या सह्या घेऊन ही जमीन अमेरिकेने लिहून घेतली. सौकांचा नेता ब्लॅक हॉक याने तो करार कधीच मानला नाही. १८३२ मध्ये तो आपल्या लोकांना घेऊन नदी ओलांडून परतला आणि त्यातून युद्ध झालं. तेव्हा उभ्या केलेल्या शिबंदीत तेवीस वर्षांचा एब्राहम लिंकनही होता, त्याला लढाई मात्र बघायला मिळाली नाही. आज त्या नेत्याचं नाव कॉलेजला आहे, रस्त्याला आहे. त्याचे लोक इथे नाहीत. तिथल्या छोट्या संग्रहालयात सौक आणि मेस्क्वाकी लोकांची घरं दाखवली आहेत, ती मुलीला समजावून सांगा.

लिंकन पुन्हा एकदा येतो. १८५६ मध्ये मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूल इथे झाला आणि दोनच आठवड्यांत 'एफी ॲफ्टन' ही आगबोट त्याच्यावर आदळून जळाली. बोटवाल्यांनी खटला भरला, पूलवाल्यांच्या बाजूने वकील लिंकन. ज्यूरीचं एकमत झालंच नाही. पुढे १८९६ मध्ये जवळच बांधलेला, वर रेल्वे आणि खाली मोटारी असलेला पूल अजून वापरात आहे. बोट आली की त्याचा एक भाग गोल फिरून वाट देतो. मागे गाड्यांची रांग लागते आणि कोणी हॉर्न वाजवत नाही. शेजारच्या पंधरा नंबरच्या धरणाशी मालवाहू बार्ज 'लॉक'मध्ये, म्हणजे पाणी भरून-सोडून बोटी चढवायच्या-उतरवायच्या दारबंद कप्प्यात, वरखाली होताना बघता येतात. हे सगळं आर्सनल बेटाच्या आसपास आहे. बेट लष्कराचं, अमेरिकेच्या यादवी युद्धात तिथे दक्षिणेकडच्या राज्यांच्या पकडलेल्या सैनिकांची छावणी होती. आत जायला ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्टवाल्यांनी आधी फोन करून नियम विचारावेत.

जानेवारीत सगळीकडे बर्फ, पण धरणाखालचं पाणी गोठत नाही, म्हणून मासे धरायला गरुड येतात. झाडांवर ओळीने बसलेले. थंडीची भीती वाटते म्हणालात, ती रास्त आहे: ३१ जानेवारी २०१९ ला मोलीनला उणे ३६ सेल्सिअस नोंदलं गेलं. एरवी इतकं नसतं. कोट पुण्यात घेऊ नका, इथेच घ्या. ऑगस्टमध्ये पोर्ट बायरन विरुद्ध आयोवातलं ले क्लेअर अशी नदीच्या आरपार रस्सीखेच होते, २,७०० फुटी दोर, तेवढ्यापुरती नदीतली वाहतूक बंद. असला खुळेपणा मला फार आवडतो.

राहता राहिला पूर. मी सांगलीची, त्यामुळे घर बघताना आधी पाणी कुठवर येतं हे विचारते. २०१९ मध्ये एप्रिलअखेर डेव्हनपोर्टचा तात्पुरता बांध फुटून बाजारपेठ बुडाली, आणि त्याच ऑगस्टमध्ये माहेरी कृष्णेचं पाणी घरात. रॉक आयलंडच्या मुख्य गावाला पक्का बांध आहे. मोलीनमध्ये दक्षिणेला रॉक नदीलगतचा सखल भाग आणि ईस्ट मोलीनचं कॅम्पबेल्स आयलंड मात्र टाळा, भाडं कितीही कमी दिसलं तरी. घराच्या साध्या विम्यात पूर धरत नाहीत, आणि भाडेकरूच्या सामानाच्या विम्यातही नाही. दोन-तीन पत्ते पसंत पडले की करारावर सही करण्याआधी मला पाठवा, पूररेषेच्या नकाशावर बघून सांगते. व्हिसा कुठला ते कळलं की तेही कळवा.