लॅटिनो इतिहासाच्या कामासाठी वॉशिंग्टनला येतेस, तर

तू विचारलंस की पुण्यात पुरातत्त्वाचं एमए झाल्यावर वॉशिंग्टनला म्युझियम स्टडीजला यायचं आहे, तर स्मिथसोनियनच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयांची संस्था) नव्या लॅटिनो म्युझियममध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या लॅटिन अमेरिकी मुळांच्या लोकांच्या म्युझियममध्ये, काम मिळेल का. मी याच शहरात याच क्षेत्रात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या म्युझियमला अजून इमारत नाही. कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला, निम्मा खर्च सरकारचा आणि निम्मा देणग्यांचा असंही ठरलं, पण जागेपाशी घोडं अडलंय. तोवर स्मिथसोनियनच्याच अमेरिकन हिस्टरी म्युझियममधलं मोलिना दालन आहे, २०२२ मध्ये उघडलेलं, जेमतेम साडेचार हजार चौरस फुटांचं. सहा कोटींहून जास्त माणसांचा इतिहास तेवढ्यात मावणार कसा? १९९४ मध्ये स्मिथसोनियननेच नेमलेल्या गटाने आपल्या अहवालाला 'विलफुल नेग्लेक्ट' म्हणजे 'जाणूनबुजून केलेली उपेक्षा' असं नाव दिलं होतं. तिथून कायदा व्हायला २६ वर्षं गेली.

वादही समजून घे. 'लॅटिनोंना नुसतं पीडित दाखवता' अशी मोलिना दालनावर टीका झाली, २०२३ मध्ये अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधीगृहात म्युझियमचा निधी रोखायचा प्रयत्न झाला. तरुणांच्या नागरी हक्क चळवळींवरचं प्रदर्शन थांबवून सालसा संगीताचं घेतलं गेलं. सालसाचा इतिहास मोलाचाच आहे, पण १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळांतून निषेध म्हणून वर्ग सोडून बाहेर पडलेली लॅटिनो मुलं बाजूला पडली, याचं मला अजून वाईट वाटतं.

अमेरिकन हिस्टरी म्युझियमच्या संग्रहातली एक वस्तू आवर्जून अभ्यास: आखूड दांड्याची कुदळ, स्पॅनिशमध्ये 'एल कोर्तितो'. १९४२ ते १९६४ मध्ये करारावर आणलेल्या मेक्सिकन शेतमजुरांच्या हातात ती असायची. आपल्याकडे खुरपणी बसून होते, इथे दिवसभर कमरेत वाकून. कोण ताठ उभं राहिलं हे मुकादमाला लांबूनच दिसायचं. पाठी कायमच्या गेल्या. कॅलिफोर्नियात तिच्यावर बंदी आली ती १९७५ मध्ये.

आणि 'लॅटिनो म्हणजे बाहेरून आलेले' हे डोक्यातून काढ. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेत आला, माणसं होती तिथेच होती. अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाचे लोक तर १९१७ पासून नागरिक.

नोकरीचं स्पष्ट सांगते. स्मिथसोनियनमधल्या सरकारी जागांना नागरिकत्व लागतं. ट्रस्टच्या, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या बिगरसरकारी निधीतल्या जागा वेगळ्या, त्यांच्या अटी नीट वाच. वॉशिंग्टनवरच अडून बसू नकोस. न्यूयॉर्कचं 'एल म्युसेओ देल बारिओ' १९६९ मध्ये वस्तीतल्याच माणसांनी उभं केलं. शिकागोतल्या पिल्सन वस्तीतल्या मेक्सिकन कला संग्रहालयात प्रवेश फुकट असतो, दरवर्षी मृतांच्या सणाचं, म्हणजे गेलेल्या आप्तांची आठवण काढायच्या मेक्सिकन सणाचं, प्रदर्शन भरतं. तिथे एखादी आजी नातवाला वेदीसमोर उभं करून गेलेल्यांची नावं सांगताना भेटेल. ती काय बोलते ते कळायला हवं, म्हणून स्पॅनिशचा वर्ग पुण्यातच लाव, व्हिसाची वाट बघू नकोस.