निकाल लागला, ॲडमिशन लटकली: मधल्या दीड महिन्यात घरात बोलायचं काय?

“मुलगा बारावी सायन्सचा. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीला ८६ पर्सेंटाइल आले. आम्ही कुणी रागावलो नाही, उलट ‘काही होत नाही रे, एवढं काय त्यात’ असंच म्हणालो. तरी तो दिवसभर दार लावून बसतो. जेवायला हाक मारली की ‘झाकून ठेव, खातो नंतर.’ त्याचे बाबा रोज कुठल्या तरी कॉलेजची माहिती काढून आणतात, ती ऐकूनही घेत नाही. कॅप राउंड, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या, सुरू व्हायला अजून वेळ आहे. तोवर त्याच्याशी वागायचं कसं?”

निकालानंतरच्या आठवड्यांत पालक समुपदेशनाला हा प्रश्न घेऊन येतात. शब्द थोडे इकडचे तिकडे, एवढाच फरक. पुढची हकीकत अशा अनेक घरांचे तपशील एकत्र करून मांडली आहे, त्यामुळे कुणी त्यात एखादं ओळखीचं घर शोधू नये.

पहिल्या भेटीला आई-वडील दोघंच आले. त्यांना विचारलं, “ॲडमिशनचा विषय घरात दिवसातून किती वेळा निघतो?” आई म्हणाली चार-पाच वेळा. वडील म्हणाले, “मी तर संध्याकाळीच घरी येतो.” त्यांना एक काम दिलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला कोरा कागद लावायचा आणि विषय निघाला की त्यावर एक रेघ ओढायची. काकाचा फोन आला तरी रेघ, शेजारणीनं जिन्यात विचारलं तरी रेघ, बाबांनी मोबाइलवरचा कटऑफ मोठ्यानं वाचला तरी रेघ. एका रविवारी दिवसभराच्या रेघा रात्री मोजल्या तेव्हा ३४ भरल्या. त्यातल्या मुलाच्या फक्त तीन.

या ३४ मध्ये एकही टोमणा नव्हता, सगळी काळजीच होती. पण प्रत्येक वेळी मुलाकडून उत्तराची अपेक्षा होती, आणि उत्तर त्याच्याजवळच काय, त्या दिवशी कुणाजवळच नव्हतं. ज्याचं उत्तर नाही असा प्रश्न दिवसातून तीस वेळा कानावर पडला की तो आरोपासारखा ऐकू येतो. बंद दार हा मुलानं त्यावर काढलेला उपाय होता. आई-वडील त्यालाच आजार समजत होते.

‘काही होत नाही रे’ या वाक्यानंही घोटाळा केला होता. मुलाच्या दृष्टीनं बरंच काही झालं होतं. त्याला त्यातून एवढंच कळलं की वाईट वाटणंसुद्धा चूक आहे. “तुला हवे होते तेवढे आले नाहीत, वाईट वाटणारच,” एवढं म्हणून पुढचं मिनिटभर गप्प बसणं जास्त उपयोगी पडतं. गप्प बसणं पालकांना जड जातं हे खरं.

मग एक वेळ बांधून घेतली. रात्री साडेआठ ते आठ पन्नास. प्रवेशाबद्दल जे काही बोलायचं ते या वीस मिनिटांत. बाकी दिवसभर कुणी विषय काढायचा नाही, आडून आडूनही नाही. मध्येच काही सुचलं तर वहीत लिहून ठेवायचं. पहिली पाच मिनिटं मुलाची, त्याला “आज काही नाही” म्हणून उठून जायची मुभा. हा नियम कुठे फसतो तेही ठरलेलं आहे. दुसऱ्याच दिवशी आईनं दुपारी “फक्त एकच विचारते” म्हणून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी बाबांनी वीस मिनिटांचं व्याख्यान केलं आणि मुलगा उठून गेला. पाचव्या दिवशी मात्र तो बसला आणि आठ पन्नास झाले तरी बोलतच होता. तिथे थांबायला सांगितलं होतं, आई थांबली. बोलणं थोडं शिल्लक राहिलं तर दुसऱ्या दिवशी तो आपणहून येण्याची शक्यता वाढते.

रात्री दहानंतर मात्र हा विषय अजिबात नको. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि हा मुलगा दोन वाजेपर्यंत ग्रुपवर फिरणारे ‘अपेक्षित कटऑफ’चे स्क्रीनशॉट बघत बसायचा. फक्त त्याचाच फोन काढून घेतला असता तर भांडण अटळ होतं. अकरा वाजता तिघांचेही फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायचे ठरलं. सगळ्यांत जास्त कुरकुर वडिलांनी केली.

वडिलांच्या मनातली गाठ दुसऱ्या भेटीत सुटली. “दहावीला ९२ होते हो, आणि आता ८६.” दोन आठवडे ते पर्सेंटाइलची तुलना टक्क्यांशी करत होते, आणि आईही. सीईटीचा पेपर २०० गुणांचा. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून थेट गुण न लावता त्या सत्रातल्या किती टक्के मुलांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण आहेत ते काढतात. तेच पर्सेंटाइल, दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत. चार लाख मुलं धरली तर ८६ पर्सेंटाइल म्हणजे साधारण ५६ हजार मुलं पुढे. हा हिशेब कागदावर मांडल्यावर वडिलांचा चेहरा उतरला, पण मुलाला उलट हायसं वाटलं. ‘सहा टक्के घसरलास’ हे खोटं आहे, हे कुणीतरी पहिल्यांदा बोललं होतं. पुढे बघायचं ते गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाकडे.

आईची धावपळ वेगळ्याच दिशेनं चालली होती. बारावीच्या रसायनशास्त्राची छायाप्रत मागवायची, मग पुनर्मूल्यांकन करायचं. तो हक्क आहेच, आणि पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते हेही बरोबर. पण सीईटीतून होणाऱ्या अभियांत्रिकी प्रवेशात बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते लागतात. भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून ३०० पैकी खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, म्हणजे १३५, आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के, म्हणजे १२०. ज्याचे १३१ आहेत त्यानं जरूर अर्ज करावा. या मुलाचे २१० होते. वाढलेल्या चार गुणांनी कॉलेज बदललं नसतं, आणि महिनाभर एक जास्तीची वाट बघणं तेवढं घरात आलं असतं.

त्यानंतर कामं वाटून घेतली. अशा घरांत सगळेजण सगळंच करत असतात आणि नेमकं महत्त्वाचं काम राहून जातं. कागदपत्रं आईकडे गेली: अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअर ऐनवेळी अडकवतं, कारण ते प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष संपतानाच्या, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं आणि बऱ्याच घरांत गेल्या वर्षीचं पडलेलं असतं. जात वैधतेला तर कधी कधी महिने लागतात. आधार, दहावीचं गुणपत्रक आणि शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला यांतली नावाची स्पेलिंग जुळतात का, हेही आताच बघायचं. दाखला कुठेही जमा करण्याआधी त्याच्या पाच झेरॉक्स आणि एक नीट स्कॅन. हे काम मुलाच्या डोक्यावर टाकू नये. तहसीलची रांग पालकांनी लावावी.

पैशाचं बोलणं वडिलांकडे. चार वर्षांची फी, हॉस्टेल, मेस मिळून घरातून किती निघतील, कर्ज किती काढायची तयारी आहे, हा आकडा त्यांनी मुलाला कधी सांगितलाच नव्हता. मुलानं आपलं आपण ठरवून टाकलं होतं की खासगी कॉलेज परवडणारच नाही. वडील धरून चालले होते की त्याला सगळं माहीत आहे. हा आकडा पसंतीक्रम भरण्याआधी सांगायचा असतो. जागा मिळाल्यावर “एवढी फी?” असं म्हणण्याइतकं लागणारं दुसरं काही नसतं.

पसंतीक्रम मुलाकडे. इथे सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

वडिलांनी एक्सेलमध्ये यादी केली होती: गेल्या वर्षीच्या कटऑफनुसार वरून खाली, आणि ९० च्या वरची कॉलेजं आधीच काढून टाकलेली, ‘कशाला उगाच’ म्हणून. यात दोन चुका होत्या. यंत्रणा मुलाचा गुणवत्ता क्रमांक बघते, त्याची यादी वरून खाली वाचत जाते, आणि जिथे त्याच्या क्रमांकाला पहिल्यांदा जागा बसते ती देते. वर न मिळणारी दहा कॉलेजं लिहिली म्हणून खालची हातची जात नाहीत. उलट ‘सेफ’ म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकलं तर तेच मिळतं, आणि मग सुटका नसते. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार कॅप फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर तो घ्यावाच लागायचा, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी. नाकारलं तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका एकदा तिघांनी मिळून वाचायची. यूट्यूबवरच्या गेल्या वर्षीच्या व्हिडिओवर भिस्त ठेवू नये.

दुसरी चूक जास्त सूक्ष्म. कटऑफ म्हणजे बाकीच्यांची गर्दी कुठे झाली त्याची नोंद. तो आपल्या मुलाच्या आवडीचा क्रम असेलच असं नाही.

म्हणून चिठ्ठ्या केल्या. कॉलेज, शाखा आणि चॉइस कोड अशी एक चिठ्ठी, एकूण चाळीसेक. मुलगा जमिनीवर बसून त्या लावणार. प्रत्येक चिठ्ठीला एकच कसोटी: “फक्त हीच मिळाली तर सोमवारी जाशील का?” उत्तर नाही आलं की चिठ्ठी बाजूला. आई-वडिलांना प्रत्येकी तीन चिठ्ठ्या उचलण्याचा हक्क, पण कारण मोठ्यानं सांगून. आईनं अंतरासाठी दोन उचलल्या, वडिलांनी फीसाठी तीन. ‘नावाजलेलं कॉलेज, शाखा कुठलीही’ हे वडिलांचं आणि ‘कॉम्प्युटर, कॉलेज कुठलंही’ हे मुलाचं, असं जुनं भांडण होतं. त्यावर मुलाला चार शाखांचा दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून वाचायला लावला, कारण पहिलं वर्ष बरंचसं सारखं असतं आणि फरक तिथून पडतो. दोन दिवसांनी त्यानं स्वतःच तीन ठिकाणची इलेक्ट्रॉनिक्स दूरच्या कॉम्प्युटरच्या वर नेली. कुणी सांगितलं नव्हतं.

अर्ज भरताना नावापेक्षा कोड तपासायचा. एकाच कॉलेजातल्या एकाच शाखेचा शिक्षण शुल्क माफीचा कोड वेगळा असतो. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो तेही आधी बघावं. इथे तो वडिलांच्या फोनवर येत होता आणि वडील ड्युटीवर असताना फोन बंद ठेवत. शेवटच्या दोन तासांत वेबसाइट रखडते, म्हणून आदल्या दिवशी दिवसाउजेडीच यादी निश्चित करून पीडीएफ जपून ठेवली.

पर्यायी वाटांवर थोडंच. ‘नाहीतर बीसीए आहेच’ असं गृहीत धरलेल्या घरांना २०२४ पासून धक्का बसतो आहे, कारण राज्यात त्यालाही सीईटी आली. बीएस्सीचे प्रवेश कॉलेजं आपल्या वेळापत्रकानं करतात आणि ते कॅपच्या आधी संपू शकतात. तिथे जागा धरून ठेवायची असेल तर रद्द केल्यावर किती फी परत मिळेल ते पावती फाडण्याआधी लेखी विचारायचं. रिपीटचा निर्णय निकालानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत घेऊ नये. आधी बघायचं की गुण गेले कुठे. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी या मुलानं गणिताचे नऊ प्रश्न कोरे सोडले होते. ते वेळेचं गणित होतं. त्यासाठी आख्खं वर्ष लागत नाही.

फेऱ्या सुरू होण्याच्या दहा दिवस आधी आणखी एक कागद झाला. पहिल्या सहापैकी मिळालं तर काय, सात ते वीसमध्ये मिळालं तर काय, काहीच नाही मिळालं तर काय. पहिल्या फेरीत अकरावा पसंतीक्रम आला. वडील घाबरून “फ्रीझ करून टाक” म्हणाले, म्हणजे हीच जागा पक्की करून पुढच्या फेऱ्या सोडायच्या. आईनं कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: जागा स्वीकारायची आणि बेटरमेंटला, म्हणजे वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीत, राहायचं. मुदतीत स्वीकारली नाही तर ती जागा हातची जाते, आणि पुढे वरची मिळाली की आधीची आपोआप सुटते, हे दोन्ही तिघांना माहीत होतं. त्या संध्याकाळी वाद झाला नाही. दुसऱ्या फेरीत काही हललं नाही. तिसरीत पाचवा मिळाला.

या सगळ्या काळात आईला एका गोष्टीवर नजर ठेवायला सांगितलं होतं. गप्प राहणं, चिडणं, दोन-चार दिवस नीट न जेवणं हे अपेक्षित आहे. पण दोन आठवडे उलटूनही झोप आणि भूक सुधारत नसेल, मित्रांनाही टाळत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, ‘मी नसतो तर तुमचे पैसे वाचले असते’ अशी वाक्यं येत असतील, तर थांबायचं नाही. सरळ विचारायचं: “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर ‘हो’ आलं, किंवा तो नुसताच गप्प राहिला, तरी त्याला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवायची आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. पालकही तिथे बोलू शकतात. या घरात ती वेळ आली नाही.

नातेवाइकांसाठी मुलानंच दोन ओळी लिहून दिल्या: “यादी भरली आहे. जागा पक्की झाली की आम्हीच कळवू.” आईनं त्या जशाच्या तशा सगळीकडे पाठवल्या. काकाचे फोन तरी थांबले नाहीत, पण ते आता वडील गॅलरीत जाऊन घेऊ लागले.

शेवटच्या भेटीला आई पुन्हा कागद घेऊन आली. कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच एका शनिवारी लावला होता. दिवसभरात सहा रेघा. चार मुलाच्या, आणि त्यातली एक हॉस्टेलला गादी न्यावी लागते का याची.