प्रोफाइल लॉक आहे, तरी कमेंट घरी कशी कळली?

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातली. फेसबुकवर एका शेतीच्या पेजवर सोयाबीनच्या भावाची पोस्ट होती, तिथं मी लिहिलं की आमच्याकडे अडत्या ओलावा जास्त सांगून भाव पाडते. दुसऱ्याच दिवशी माह्या भासऱ्यांनी विचारलं, हे काऊन लिहिलं, तो आपल्या ओळखीचा हाय. माही प्रोफाइल तर लॉक हाय! वरून रात्री व्हॉट्सॲप उघडलं की सकाळी विचारतात, एवढ्या रात्री कोणाशी बोलत होती. सगळंच बंद करून टाकू का?

– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : बंद कायले करता ताई? माल तुमचा, मेहनत तुमची, मग भावाबद्दल बोलायचा हक्कही तुमचाच. फक्त कोण कोण वाचू शकतं हे आधी माहीत पाहिजे, म्हणजे असा अचानक जाब द्यावा लागत नाही.

लॉकचं असं आहे. फेसबुकनं 2020 मध्ये भारतात ते आणलं, आणि ते लावावंच, कारण फोटो चोरून खोटं अकाउंट काढणारे कमी नाहीत. पण ते लागतं तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलवरच्या फोटोंना न पोस्टींना. दुसऱ्याच्या पोस्टखाली लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या ओट्यावर बसून बोलणं, तिथं कोणी ऐकावं हे पोस्ट टाकणारा ठरवतो. पेजच्या पोस्टी बहुतेक सगळ्यांसाठी उघड्याच असतात, आणि कधीकधी फेसबुक स्वतःच ओळखीच्यांना दाखवतं की अमकीनं इथं कमेंट केली म्हणून. नुसता अंगठा दाबला तरी नाव दिसतं बरं का.

म्हणून लिहायच्या आधी पोस्टीच्या तारखेजवळ एक बारीक चिन्ह असतं ते पाहत जा. पृथ्वीचा गोळा असला तर कोणालाही दिसतं, दोन माणसं असली तर टाकणाऱ्याच्या फ्रेंडलिस्टला, आणि त्या लिस्टमध्ये तुमचे भासरेही असू शकतात. आधीची कमेंट काढायची असली तर तिच्यावर बोट दाबून धरा, डिलीट येतं. कुठं लिहिलं तेच आठवत नसेल तर ॲक्टिव्हिटी लॉग उघडा, तुमच्या कमेंट, लाइक सगळं तिथं सापडतं. पण कोणी स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर त्याला इलाज नाही. मला विचाराल तर ही कमेंट काढायची काही गरज नाही, तुम्ही कोणाचं नाव घेतलेलं नाही.

व्हॉट्सॲपचं सोपं आहे. सेटिंग, मग प्रायव्हसी, मग 'लास्ट सीन अँड ऑनलाइन'. तिथं 'माय काँटॅक्ट्स एक्सेप्ट' निवडून जे विचारतात तेवढेच जण वगळा, आणि खाली ऑनलाइनसाठी 'सेम ॲज लास्ट सीन' करा, बरेच जण वरचंच करून सोडून देतात न मग ऑनलाइन दिसतच राहतं. त्या लोकांचं लास्ट सीन मग तुम्हालाही दिसणार नाही, पण त्यानं आपलं काय अडतं. ब्लू टिकही बंद करता येते, फक्त ग्रुपमध्ये ती चालूच राहते.

आणि ताई, घरच्यांना नुसती वेळच नाही तर मेसेजमधलं बोलणंही कळत असेल, तर मात्र व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' आजच उघडून पाहा. फोन थोडा वेळ हाती आला तरी कोणी तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्या मोबाइलला किंवा कॉम्प्युटरला जोडू शकतं. ओळखीचं नसलेलं काही दिसलं की त्यावर दाबून लॉगआउट करा आणि फोनचा पिन त्याच वेळी बदला.